सोंडकिड्याचे सात दात

प्रिय ठमे,

टाइप केलेलं पत्र बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. टाइप केलेलं पत्र म्हणजे हातमोजे घालून पाठीवरून हात फिरवणं, असं तू वसतिगृहात असताना मीच तुला ऐकवलं होतं, आणि मग दर पंधरा दिवसांनी कोपऱ्यात एक किडा काढून हाताने लिहिलेलं पोस्टकार्ड पाठवत राहिले. ती कार्डं दीड वर्षापूर्वी थांबली. तू कधी विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. तू काय समजलीस ते मला ठाऊक आहे. तुला वाटलं, आईचा राग अजून उतरलेला नाही. मी तुला तसं वाटू दिलं, कारण खरं कारण सांगण्यापेक्षा रागीट म्हणवून घेणं मला सोपं गेलं. आज खरं कारण सांगायला बसले आहे. पण माझी रीत तुला माहीत आहे, मी किडा काढताना सोंडेपासून सुरुवात करते आणि पायांशी शेवटी येते. तेव्हा जरा दमाने घे.

आधी घरची खबर. तुझ्या बाबांनी निवृत्त झाल्यापासून घरातली एकही वस्तू सुखाने नांदू दिलेली नाही. गेल्या आठवड्यात टेबलफॅन दुरुस्त केला. आता तो छान फिरतो, फक्त वारा मागच्या बाजूने येतो. मी म्हटलं, मग आपण भिंतीकडे तोंड करून ठेवू, तर तेही त्यांना पटलं. माझं काम चालू आहे. भुंगेऱ्यांच्या पुस्तकाची एकशे बारा चित्रपानं करायची होती, त्यातली एकाहत्तर झाली, एक्केचाळीस उरली. भिंगसर तुला आठवत असतील, गळ्यात भिंग अडकवून फिरणारे ते किड्यांचे संशोधक. लहानपणी तू त्यांच्यासमोर झुरळ मारलंस म्हणून ते चहा न घेता उठले होते. पुस्तक त्यांचंच. धान्याच्या कोठारात सापडलेला किडा नेमका कोणता आणि त्यावर औषध कोणतं, हे पुढची कित्येक वर्षं माझी चित्रं बघून ठरणार आहे. सर म्हणतात, हे त्यांचं शेवटचं पुस्तक. मी तोंडाने बोलत नाही, पण बहुधा माझंही.

आता रविवारच्या फोनबद्दल. एरवी आपला फोन म्हणजे हवा, तब्येत आणि “बाबांना दे”. या रविवारी मात्र तू तुझ्या कामाबद्दल बोललीस. तुमच्या चित्रांच्या प्रोग्रॅमची पुढची आवृत्ती येते आहे, आतली सगळी यंत्रणा नव्याने लिहिली आहे, त्यामुळे पडद्यावरचा प्रत्येक ब्रश पुन्हा जुळवून घ्यावा लागतो आणि तुम्ही सगळे मिळून माणसं चार. म्हणून काही ब्रश काढून टाकणार. थरथरत्या हातासाठी तू केलेला ब्रशही त्यात आहे, कारण तो वापरणारा माणूस एकच, ते ‘म्हातारा भुंगा’ नावाने लिहिणारे काका, आणि ते चार महिने झाले काही बोललेले नाहीत. महिनाअखेरपर्यंत कुणी हात वर केला नाही तर ब्रश जाणार, अशी सूचना तू लावली आहेस. मग तू हळूच म्हणालीस, “काका गेले असतील गं बहुतेक.” मी फोन बाबांकडे दिला आणि गॅसवर काहीच नसताना स्वयंपाकघरात गेले.

तीन वर्षांपूर्वी तू जेवणाच्या टेबलावर सांगितलंस की चांगल्या कंपनीतली नोकरी सोडली आणि आता कुणालाही मोकळेपणाने घेता येईल, उघडून बघता येईल, बदलता येईल असं सॉफ्टवेअर करणार. मी एका शब्दात निकाल दिला, फुकटचं. तू म्हणालीस, “फुकटचं नाही आई, मोकळं.” मी म्हटलं, ज्याची किंमत नाही त्याला कुणी विचारत नाही. त्याच महिन्यात तू इथे असताना पाहुणे आले होते, आणि मुलगी काय करते असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, ती सध्या घरीच असते, कॉम्प्युटरवर काहीतरी करते. तू दारात पाण्याचे ग्लास घेऊन उभी होतीस. ग्लास ठेवलेस आणि दुसऱ्या दिवशीच निघालीस. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही, पण निदान लाज वाटते हे तरी तुला कळायला हवं होतं, आणि तेही मी तीन वर्षं कळवलं नाही.

माझी बाजूही ऐकून घे, कारण ती अगदीच पोकळ नव्हती. बावीस वर्षं मी विकतच्या प्रोग्रॅमवर काम केलं आणि त्याने माझं घर चालवलं. त्यातून निघालेली फाइल छापखान्यात कुणी काही न विचारता उघडतात. पडद्यावर जो लाल दिसतो तोच कागदावर येतो. तू निघण्याआधी माझ्या कॉम्प्युटरवर तुमचा प्रोग्रॅम टाकून गेलीस, तेव्हा तू गेल्यावर मी चिडून एकदाच एक चित्र त्यात केलं आणि छापखान्यात पाठवलं. छापखान्यातल्या फोरमनचा फोन आला, ताई, तुमचा लाल किडा विटेच्या रंगाचा आलाय, आजारी आहे का? मला कोण आनंद झाला. बाबांना मी तो किस्सा चार वेळा सांगितला. स्वतःच्या मुलीचं काम फसलं याचा आनंद होणारी आई मी आहे, हेही आता लिहूनच टाकते. तुमच्या प्रोग्रॅमचं चिन्ह मी पडद्याच्या अगदी खालच्या कोपऱ्यात ढकललं आणि विसरून गेले.

मग माझा हात गेला. तसा जागेवरच आहे, घाबरू नकोस. दीड वर्षापूर्वी एका सकाळी तुला कार्ड लिहायला घेतलं आणि ‘प्रिय’मधला प असा आला की मलाच वाचता येईना. वाटलं, थंडी असेल. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातला किडा काढताना त्याच्या सहाही पायांना कापरं भरलं. तुला आजोबा आठवतात का, त्यांचा कप बशीत वाजायचा? तेच आहे. नसांच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. तू ज्या आजाराचं नाव आत्ता मनात आणलं आहेस, तो नाही. हा नुसता कंप आहे, जिवाला धोका नाही, हळूहळू वाढेल, गोळीने थोडा कमी होतो. डॉक्टर बाई चांगल्या आहेत. त्या म्हणाल्या, रोजच्या आयुष्यात फारसं अडणार नाही. मी त्यांना सांगितलं नाही की माझं रोजचं आयुष्य म्हणजे किड्याच्या पायावरचे केस आहेत.

विकतच्या प्रोग्रॅममध्ये रेघ गुळगुळीत करायची सोय आहे, ती मी शेवटच्या टोकापर्यंत ओढली. रेघ लोण्यासारखी आली. तीन पानं झरझर झाली, मी खुशीत सरांकडे पाठवली. चौथ्या दिवशी सर स्वतः घरी आले, चित्र टेबलावर ठेवलं आणि गळ्यातलं भिंग काढून माझ्या हातात दिलं. कोठारातल्या ज्या सोंडकिड्याचं ते चित्र होतं, त्याच्या पुढच्या पायाला आतल्या बाजूने सात बारीक दात असतात. शेजारच्या जातीला ते नसतात, आणि दोघांचं औषध वेगळं. मी सात दात काढले होते. प्रोग्रॅमला माझी थरथर आणि किड्याचे दात यांत फरक कळला नाही, त्याने दोन्हींवर इस्त्री फिरवली. सर म्हणाले, “बाई, हा प्राणी पृथ्वीवर नाही.” तीस वर्षांत माझ्या चित्राला त्यांनी असं म्हटलं नव्हतं. मग हळूच विचारलं, हात बरा नाही का? मी धडधडीत खोटं बोलले, म्हटलं कॉम्प्युटर बिघडलाय. नाचता येईना अंगण वाकडं.

कंपनीला मी तीन पत्रं लिहिली. पहिल्याला उत्तर आलं, आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे. दुसऱ्यालाही तेच आलं, अक्षरही न बदलता. तिसऱ्याच्या उत्तरात मला विचारलं होतं की आमच्या उत्तराने आपण किती समाधानी आहात, पाचपैकी किती तारे द्याल. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या लाखो गिऱ्हाइकांत थरथरता हात आणि सोंडकिडा दोन्ही असलेली बाई एकच असणार. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की बावीस वर्षं ज्या घरात मी भाडं भरून राहिले, त्यातला एक खिळासुद्धा मला हलवता येत नाही. तू टेबलावर हेच सांगत होतीस. मी तेव्हा जेवण वाढत होते.

पुढचं तुला आता कळलंच असेल. मी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातलं ते चिन्ह उघडलं. तुमचा प्रोग्रॅमही दात खातच होता, त्यात काही फरक नव्हता. पण खाली एक पान होतं, जिथे काय बिघडलं ते करणाऱ्यांनाच सांगता येतं, आणि त्यात आपल्या भाषेचाही एक कोपरा होता. नाव विचारलं. माझं नाव टाकलं असतं तर तू ओळखलं असतंस. बाबा शेजारी पेचकस घेऊन उभे होते, ते म्हणाले, भुंगा टाक. मी त्याच्याआधी ‘म्हातारा’ जोडलं. आणि मग आयुष्यभराच्या सवयीने लिहिलं, सप्रेम नमस्कार, पत्रास कारण की सोंडकिड्याचे दात जात आहेत. तुमच्यात असं लिहीत नाहीत हे मला काय माहीत? त्यावर कुणीतरी हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावली. आणि त्याखाली, तुझ्या नावाने, तू लिहिलंस, “हसू नका त्यांना कुणी. काका, मला दात दाखवा.” ताकाला जाऊन भांडं लपवायला मी निघाले होते, आणि ताक वाढायला तूच समोर बसली होतीस.

ठमे, ते तीन महिने माझ्या आयुष्यातले फार चांगले महिने होते. तू म्हणालीस, काका, रोज सकाळी दहा सरळ रेघा काढा आणि त्यांची नोंद मला पाठवा, सुधारू नका, जशा येतील तशा. मी काढल्या. आठवड्याने तू लिहिलंस की माझा हात सेकंदाला सहा वेळा हलतो, अगदी नेमाने, घड्याळासारखा, आणि किड्याचा दात कधीच इतका नेमाने येत नाही, म्हणून दोघांना वेगळं करता येईल. मी ते वाक्य बाबांना दोनदा वाचून दाखवलं. ज्या थरथरीला मी डॉक्टरांपासून सरांपर्यंत सगळ्यांपासून लपवत होते, ती माझ्या पोरीने समोर ठेवून मोजली होती, जराही न घाबरता, जशी मी तिला लहानपणी भिंगाखाली किडा बघायला शिकवायची. पहिला ब्रश भलताच निघाला. त्याने दात ठेवले आणि सोंड सरळ केली. दुसऱ्याने रेघ इतकी सावकाश काढली की माझा चहा गार झाला. तू रोज माफी मागायचीस आणि मी भुंगा होऊन तुला धीर द्यायची, की बाळ, होईल. आई म्हणून तुला असं म्हणायला मला तोवर जमलं नव्हतं. पाचव्या खेपेला सातही दात आले. मी मोजले, बाबांनी मोजले. सरांना चित्र पाठवलं, त्यांनी फोनवर नुसतं “सात” म्हटलं आणि ठेवला. ती तीन पानं मी पुन्हा केली आणि त्यांच्यामागून आणखी चौतीस. रंग अजून विकतच्यातच भरते, लाल रंगाच्या बाबतीत तुमचा किडा अजून आजारीच आहे, तेवढं बघा. पण रेघ सगळी तुझ्या ब्रशची आहे.

तू म्हणशील, इतकं झालं तर भुंगा गप्प का बसला, आणि आता ब्रश वाचवायचा तर तिथे एक ओळ टाकायची, पत्र कशाला? बाबांनीही हेच विचारलं. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, तरी हे गुपित त्यांनी दीड वर्ष सांभाळलं, आणि रविवारी फोन ठेवल्यावर मात्र म्हणाले, आता पुरे. ओळ टाकणं सोपं होतं. पण चार महिन्यांपूर्वी तू तिथे भुंग्याला एक प्रश्न विचारलास. तो वाचून मी कॉम्प्युटर बंद केला, आणि त्या पानावर परत जायचं धाडस झालं नाही. त्याचं उत्तर दिल्याशिवाय तिथे दुसरं काही लिहिणं म्हणजे तुझ्याशी आणखी एकदा खोटं बोलणं झालं असतं. खोट्यानेच तर आपल्यातलं इतकं सगळं अडलं.

तेव्हा तुमच्या नियमाप्रमाणे मी हात वर करते आहे, थरथरतो आहे तो चालवून घे. आणि मी एकटी नाही. डॉक्टर बाईंकडे हाताच्या व्यायामाला माझ्यासारखेच दोघं येतात, एक कपड्यांचे नमुने आखणाऱ्या बाई आणि एक निवृत्त नकाशेवाले. नकाशेवाल्यांनी दोन वर्षं पेन्सिल हातात धरली नव्हती. गेले सहा शनिवार मी दोघांना घरी बसवून तुझा ब्रश शिकवते आहे. परवा नकाशेवाल्यांनी नदी काढली, उगमापासून मुखापर्यंत एका दमात, आणि लगेच दुसरी काढायला घेतली. ते दोघं या आठवड्यात तिथे आपापल्या नावाने लिहितील. ब्रश जुळवायला माणूस कमी पडत असेल तर दहा रेघा काय, हजार काढून देते, माझ्याकडे थरथर भरपूर आहे. आणि पुन्हा कुणी मुलगी काय करते असं विचारलं, तर काय सांगायचं ते मी ठरवून ठेवलं आहे. ती माझा हात धरून मला काम करू देते, असं सांगेन. सोबत सोंडकिड्याचं चित्र पाठवते आहे. पूर्वी कार्डाच्या कोपऱ्यात असायचा, या वेळी त्याला पान अख्खं दिलं आहे. दात मोजून घे.

आता तो प्रश्न. तू लिहिलं होतंस, “काका, रागावू नका, पण विचारते. तुमच्या हाताचं तुमच्या मुलांना सांगितलंत का? माझ्या आईला असं काही झालं आणि तिने मला सांगितलं नाही, तर मला फार वाईट वाटेल.” चार महिने ते वाक्य मला पाठ आहे. उत्तर द्यायला उशीर झाला, बाळ. मुलीला आज सांगितलं.

तुझीच,
आई
(म्हातारा भुंगा)